वीतभर चामडं

इंजिनाचं बेअरिंग गेलं की ठोका लागतो, आणि तो आधी पायांना कळतो, मग कानांना. उकंडा मिस्त्रीचं सगळं उलटंच होतं. त्याला ठोका झोपेत ऐकू यायचा, भाकरी मोडताना यायचा, आसपास मैलभर एकही मोटार नसली तरी यायचा. ठक, ठक, ठक, मध्येच अडखळून पुन्हा ठक. सहा वर्षं हा छळ चालू होता. दुसरा कोणी असता तर भगताकडे गेला असता, लिंबू उतरवून मोकळा झाला असता. पण उकंडानं दीक्षा घेतलेली. भुतंखेतं मानायची नाहीत हे त्यानं हात जोडून कबूल केलेलं, आणि खरंच तो मानतही नव्हता. आता न मानणाऱ्या माणसाच्याच मागं काही लागलं तर त्यानं जावं कुठं? मुकाट्यानं सोसायचं, दुसरं काय.

झालं होतं ते असं. कळंबहून यवतमाळला येणाऱ्या सडकेवर एक नाला लागतो, त्या नाल्याकाठी उकंडाचं गाव. छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरहून दीक्षा घेऊन आला. येताना सीताबर्डीच्या बाजारातून एक पांढरा सदरा आणि कमरेचा कातडी पट्टा घेऊन आला. असा पट्टा त्याच्या घराण्यात आजवर कोणी बांधला नव्हता. तो गावात आल्यावर त्याच्या मोहल्ल्यानं एकमुखानं ठरवलं की मेलेलं ढोर ओढायचं नाही, फाडायचं नाही, त्याचं चामडं घरात ठेवायचं नाही. गावानं मजुरी बंद केली. पोटाला चिमटे बसले, आंबाडीच्या भाजीवर दिवस काढले, पण कोणी हटलं नाही.

त्याच हिवाळ्यात, पौष महिन्यात, दिवेलागणीच्या वेळी एक जुनी मोटार ठोके देत नाल्यापाशी आली आणि बंद पडली. तिच्यातून एक माणूस उतरला आणि तरातरा मोहल्ल्याकडे आला. पहिलं घर उकंडाचं. त्या माणसानं नाव विचारलं नाही, रामराम नाही की काही नाही. दाराबाहेरून जातीच्या नावानं हाक मारली आणि म्हणाला, "ए, वीतभर चामडं आण. लवकर आण."

उकंडा दारात येऊन उभा राहिला. नजर त्यानं खाली घातली नाही.

"आमच्या घरी आता चामडं नाई राहत," तो म्हणाला. "ते काम सोडलं आमी."

"सोडलं म्हंजे? तुमचं कामच हाये ते."

"सोडलं म्हंजे सोडलं."

तो माणूस मग तोंडाला येईल ते बरळत सुटला. तो ओरडत असतानाच नाल्याकडून, मोटारीतून, एका बाईचं कण्हणं आलं. ओरडणाऱ्याला ते ऐकू गेलं नाही. घरात उकंडाची बायको कांताबाई चूल फुंकत होती, धुरानं खोकत होती, तिलाही गेलं नाही. उकंडाला मात्र गेलं. कण्हता कण्हता ती बाई काहीतरी म्हणालीसुद्धा, आणि तेही त्याला स्वच्छ ऐकू आलं. ते त्यानं पुढं मनातल्या मनातही कधी उच्चारलं नाही.

ऐकलं, आणि त्यानं दार लावून घेतलं.

काहून लावलं? हा प्रश्न त्यानं स्वतःला हजारदा विचारला असेल. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून 'नाही' निघालं होतं. आज बाई पाहून ते गिळलं तर उद्या कोणाचा म्हातारा पाहून गिळावं लागेल, मग परवा ढोर ओढायला जावं लागेल, असं काहीसं त्या घटकेला त्याच्या डोक्यात आलं. चामडं कशाला पाहिजे, हे विचारायचं तेवढं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं, की कळंबच्या पलीकडचे कास्तकार पुंडलिकराव यांची बायको तानाबाई अडली होती, तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेत होते. नाल्यापासून कोसभर पुढं, वळणावर, मोटार पुन्हा बंद पडली आणि बाई तिथंच गेली, पोटातल्या लेकरासकट. झालं, लोकांना विषय मिळाला. बाई गेली वळणावर, पण चामडं मिळालं नाही त्या नाल्यावर हडळ आहे म्हणाले, तिला चामडं लागतं म्हणाले. कोणीतरी तिथल्या बाभळीखाली जुनी वहाण ठेवली, मग दुसऱ्यानं ठेवली, आणि वर्षभरात तिथं फाटक्या वहाणांचा ढीग झाला. मोहल्ल्यातली माणसं उकंडाची समजूत काढायची. "तुले काय मालूम गाडीत बाई होती म्हणून?" असं जो तो म्हणायचा, आणि उकंडा म्हणायचा, "नाई नं." कांतालाही त्यानं तेच सांगितलं.

पुढं गावात त्याचं मन रमेना. यवतमाळला येऊन तो प्रेमसिंग मिस्त्रीच्या गॅरेजात लागला. प्रेमसिंग दारव्ह्याकडचा बंजारा, लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला पलटणीचे ट्रक चालवलेला. माणूस तोंडाचा फटकळ, हाताचा सोन्यासारखा. जात विचारून काम शिकवणाऱ्यांतला तो नव्हता. उकंडा तीन वर्षांत पक्का मिस्त्री झाला.

एके दुपारी डबा खाताना प्रेमसिंग असाच लढाईच्या गोष्टी सांगत बसला होता. "जंगलात बेअरिंग वितळलं," तो म्हणाला. "वर्कशॉप पन्नास मैल मागं. क्या करते? कमरेचा पट्टा कापला वीतभर, तेलात बुडवला, पिस्टनच्या दांड्याच्या खाचेत बसवला अन् वरून टोपी कसली. चालीस मैल चली गाडी. चामडं हाये म्हंजे गाडी हाये, ध्यानात ठेव."

उकंडाच्या हातातला घास तसाच राहिला. तो उठला आणि गॅरेजच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याच्या कमरेला पट्टा होता. त्या संध्याकाळी, दारात उभं राहून आमच्या घरी चामडं नाही म्हणताना, हाच पट्टा कमरेला होता. त्या दिवसापासून त्यानं पट्टा सोडला आणि पँट सुतळीनं बांधायला लागला. कांता हसायची, "मिस्त्री झाले अन् सुतळी बांधून राह्यले." तो गाठ आवळून कामाला निघायचा.

तरी एक काडीचा आधार त्यानं धरून ठेवला होता. त्या माणसाला चामडं बेअरिंगसाठीच पाहिजे होतं कशावरून? दुसरं काही बांधायला, आवळायला पाहिजे असेल. कोणी इंजीन उघडून थोडंच पाहिलं होतं.

त्रेसष्टच्या फेब्रुवारीत ती मोटार गॅरेजात आली. बैलजोडी लावून ओढत आणली होती. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, कापडी टप उंदरांनी खाल्लेला, आणि बॉनेटवर गोठ्यातल्या कोंबड्यांची घाण. बैलांच्या पुढं चालत आलेल्या माणसाला उकंडानं लांबूनच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पाय अनवाणी. पुंडलिकरावांनी त्याला ओळखलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच कुठं होतं.

"सहा वर्सं झाले उभी हाये," पुंडलिकराव प्रेमसिंगला म्हणाले. "आता चालू पाह्यजे. घरी बायको आठव्यात हाये, दुसरी. दाई म्हणते लेकरू आडवं हाये. एस.टी. दिवसातून दोनदा. बाई काय टाइम पाहून अडते? पंधरा दिवसांत करून द्या, मिस्त्री. अन् एवढंच सांगा मले, का हे पुन्हा रस्त्यात उभी नाई राहणार."

"इंजिनाचं काम याच्याकडं," प्रेमसिंगनं उकंडाकडे बोट दाखवलं. "माझ्यापेक्षा हात बारीक हाये त्याचा. मी नागपूरहून व्हाइट मेटल घेऊन येतो."

हे व्हाइट मेटल म्हणजे कथिलाचा एक मऊ पांढरा मिश्रधातू. जुन्या मोटारीत बेअरिंग बाजारात विकत मिळायचं नाही. दांड्याच्या खाचेत तो धातू वितळवून ओतायचा आणि हातानं खरवडून बसवायचा, असा तो प्रकार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा पोतं अंथरून मोटारीखाली शिरला. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. तळाशी काळं गोठलेलं तेल, आणि त्यात चांदीच्या वर्खासारखे वितळलेल्या धातूचे कपटे. पहिल्या दांड्याची टोपी काढली, ठीक. दुसरी काढली, झिजलेली पण जागेवर. तिसऱ्या दांड्याचे नट त्यानं एकेक वेढा करत सोडले. टोपी खाली आली. धातूचा मागमूस नव्हता. तिच्या जागी घडी घालून दाबून भरलेली एक चिंधी होती, तेलानं आणि जळण्यानं काळी पडलेली. उकंडानं ती रॉकेलमध्ये हलक्या हातानं धुतली. हिरवा रंग दिसायला लागला, मग लाल किनार दिसली. लुगड्याचा पदर होता तो. चामडं मिळालं नाही म्हणून त्या जागी भरलेला. काडीचा आधार होता तोही गेला.

दुपारी पुंडलिकराव काम पाहायला आले. प्रेमसिंग नागपूरला गेलेला, गॅरेजात दोघंच. उकंडानं चिंधी हातावर ठेवून पुढं केली.

"हे तुमी टाकलं होतं?"

पुंडलिकराव टिनाच्या डब्यावर बसले. चिंधीला त्यांनी हात लावला नाही.

"तिचा पदर हाये," ते म्हणाले. "या गाडीचा जुना डायवर सांगे, बेअरिंग गेलं तं चामडं भरा. मी चामडं मांगाले मोहल्ल्यात गेलतो, नाई भेटलं. परत आलो तं तिची शुद्ध हरपली होती. मंग पदरच फाडला. कपडा कितीक दम धरन? कोसभर चालली गाडी." त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "अन् मिस्त्री, तुमाले सांगतो, कोणाले सांगतलं नाई आजलोक. माझ्या पायात जोडे होते. नवे, कळंबच्या बाजारातले, करकर वाजणारे. सोन्यासारखं चामडं. त्या जोड्यांवर उभा राहून मी दुसऱ्याच्या दारात चामडं मांगत होतो. मले सुचलंच नाई. चामडं म्हंजे त्यायच्या मोहल्ल्यातून आणाची चीज, एवढंच डोक्यात. तिले अग्नी दिला अन् घरी येऊन जोडे काढाले बसलो, तवा हातात जोडा दिसला मले."

उकंडानं त्यांच्या पायांकडे पाहिलं. टाचांना इतक्या भेगा पडल्या होत्या की त्यात माती बसली होती. लोक म्हणायचे काही नवस असेल.

"त्या दारात मी होतो," उकंडा म्हणाला.

पुंडलिकरावांनी मान वर केली. आता ते ओरडतील, उठून जातील, काहीतरी फेकून मारतील, असं उकंडाला वाटलं. तसं झालं तर बरं होईल असंही वाटलं.

"तुमी होय," ते इतकंच म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "जातीचं नाव घेऊन हाक मारली होती मी तुमाले. मीच तुमच्या जागी असतो तं मी बी दार लावलं असतं. अन् गाडीत बाई अडली हाये, हे कुठं सांगतलं मी? तुमाले काय मालूम. तुमचा कसूर नाई."

आता बघा, बोलायची वेळ हीच होती. उकंडानं मान हलवली, नकाराची नाही, होकाराची. हो, मला माहीत नव्हतं, अशी ती मान. आणि पुंडलिकराव उठून गेले.

त्या दिवसापासून ठोका वाढला. आधी तो येऊन जाऊन असायचा, आता बसायलाच आला. कांता दोनदा म्हणाली, "तुमचं चित्त कुठं हाये? काय झालं?" उकंडा म्हणाला, "काई नाई, काम बारीक हाये." माफी मिळाली होती, आणि ती चोरलेली होती. दोष घेऊन माणूस जगतो हो, चोरलेली माफी घेऊन जगणं फार कठीण.

काम मात्र त्यानं असं केलं की प्रेमसिंगसुद्धा पाहत राहिला. दांड्याची खाच घासून लख्ख केली, तिला कथिलाची कल्हई दिली. लोखंडी पळीत धातू वितळवला. त्यात लाकडाची काडी बुडवून पाहायची, काडी तपकिरी झाली की ओतायचं, काळी झाली तर धातू जळला म्हणून समजायचं. पहिलं ओतकाम निवल्यावर त्यानं हातोडीनं हलकेच वाजवलं. आवाज बद्द आला. धातू खाचेला धरला नव्हता. त्यानं सगळा काढून टाकला. दुसऱ्या वेळी स्वच्छ नाद आला.

मग खरवडणी. दांडा ज्यावर बसतो त्या क्रँकला रंगाचा पातळ हात द्यायचा, दांडा बसवून फिरवायचा, काढायचा, जिथं रंग लागला तेवढाच उंचवटा खरवडायचा, आणि पुन्हा बसवायचा. प्रेमसिंग यासाठी तेलात कालवलेला शेंदूर वापरायचा. उकंडा शेंदराला हात लावायचा नाही, कंदिलाची काजळी वापरायचा.

"अरे, इंजीन काय देव हाये का, शेंदूर लावला म्हणून पाप लागंल?" प्रेमसिंगनं डिवचलं.

"काजळी बी तेच काम करते नं, उस्ताद."

"करते बाबा करते. पण चार दिवस झाले, एकच दांडा खरवडून राह्यला तू. किती बारीक करतं?"

"एक बाई बसणार हाये याच्यात," उकंडा म्हणाला.

तेराव्या दिवशी इंजीन जोडलं. तेल भरलं, हँडल मारलं. दोनदा फुरफुरलं आणि लागलं. प्रेमसिंगनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. ठोक्याचं नाव नव्हतं. नवं बेअरिंग रस्त्यावर चालवून पाहावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकराव आणि उकंडा मोटार घेऊन निघाले. उकंडा चालवत होता, पुंडलिकराव बाजूला. वाटेनं पळस फुलला होता, शेतांत तुरीचे ढीग पडले होते. पुंडलिकराव कान देऊन ऐकत होते.

"ठोका गेला नं, मिस्त्री," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला होता.

"गेला," उकंडा म्हणाला. त्याच्या कानात तो चालूच होता.

नाल्यापाशी आल्यावर पुंडलिकरावांनी थांबायला सांगितलं. उकंडानं मोटार थांबवली आणि इंजीन बंद केलं. समोर बाभळीखाली वहाणांचा ढीग, पलीकडे मोहल्ल्यातलं पहिलं घर, आता कुलूप लावलेलं. मोटार बरोबर त्याच जागी उभी होती.

"लोक म्हणतात, ते मेली तरी इथं बोलते," पुंडलिकराव म्हणाले. "पाच वर्सं मी येऊन बसत गेलो इथं, अमावस्येले बी बसलो. मले कधी काई आयकू नाई आलं. मले येकच गोष्ट खाते, मिस्त्री. मी तुमच्या दारात भांडत राह्यलो अन् इकडं ते एकटी. अखेरचं काई बोलली का, कोणाले बोलली का, हे जगात कोणालेच मालूम नाई."

उकंडानं स्टीअरिंग घट्ट धरलं. तोंड बंद ठेवलं असतं तरी चाललं असतं. बेअरिंग चांगलं झालं होतं, माफी मिळाली होती, दोघं आपापल्या घरी गेले असते.

"बोलली," तो म्हणाला.

पुंडलिकराव त्याच्याकडे वळले.

"मी खोटं मान हलवली त्या दिवशी. गाडीत बाई हाये हे मले मालूम होतं. तुमी ओरडत होते, तुमाले आयकू नाई आलं. मले आलं. आयकलं, अन् आयकून दार लावलं मी." त्यानं स्टीअरिंगवरचे हात काढले. "सहा वर्सं झाले. माझ्या बायकोले बी नाई सांगतलं."

उकंडा वाट पाहत होता. शिवी येईल, थप्पड येईल, जे येईल ते आपलं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

"काय बोलली?" पुंडलिकरावांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"तुमचं नाव घेतलं."

"माझं नाव?"

"दोनदा. दुसरं काई नाई. नुसतं नाव."

"तिनं कधी माझं नाव नाई घेतलं," पुंडलिकराव म्हणाले. "चौदा वर्सं संसार केला. उखाण्यात बी सासूचं नाव घेऊन, त्यायचे लेक म्हणे, अन् हसत पळून जाये. आयाबाया खूप मांगे लागत, पण नाई घेतलं तं नाईच घेतलं." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "कसं घेतलं? तिनं घेतलं तसं म्हणा."

आज इतकी वर्षं झाली, दीक्षा झाली, मिस्त्री झाला, तरी अशा वरच्या जातीतल्या माणसाला नुसत्या नावानं हाक उकंडानं कधी मारली नव्हती. त्याच्या बापानं नाही, आजानंही नाही.

"म्हणा, मिस्त्री," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी खरोखरच हात जोडले होते.

उकंडानं डोळे मिटले. सहा वर्षं मनातही न उच्चारलेलं ते त्यानं आठवलं, जसं नाल्याकडून आलं होतं तसं, हळू, मधल्या अक्षरावर दम संपत आलेलं.

"पुंडलिक," तो म्हणाला. थोडं थांबून, तसंच पुन्हा म्हणाला, "पुंडलिक."

"ओ," पुंडलिकराव म्हणाले. "आलो. आलो नं, ताना."